शिंग, रंजकदाणी आणि ‘एकच दारू’चा शोध

आमच्या परंडा तालुक्यातल्या घरी सागवानी पेटीच्या तळाशी दोन वस्तू आहेत. एक म्हशीचं शिंग, बुडाशी लाकडी खुंटी ठोकलेलं, टोकाला बारीक भोक. दुसरी तळहातावर मावेल अशी पितळी रंजकदाणी, म्हणजे बंदुकीची बारीक दारू ठेवायची डबी. तिचं झाकण दाबाच्या पट्टीवर बसतं आणि तोंड इतकं अरुंद की ज्वारीचा दाणासुद्धा आत जाणार नाही. बंदूक कधीच गेली, तिच्या दारूची ही दोन भांडी राहिली.

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या घरी आला होता. पुण्यात तो .३२ बोअरच्या पिस्तुलानं निशाणेबाजीचा सराव करतो. अमेरिकेतले हौशी नेमबाज घरच्या टेबलावर काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरतात, हे त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. तिथं एकेका माणसाकडे ९ मिलिमीटर, .३८, .४५ अशी तीन-चार प्रकारची हत्यारं असतात, आणि त्या सगळ्यांना मिळून एकच पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, पुरावी असं प्रत्येकाला वाटत असतं. त्यानं मला विचारलं, ‘‘काका, दारू ती दारूच ना? मग एकच सगळ्यांना का चालू नये?’’ मी पेटी उघडून शिंग आणि रंजकदाणी त्याच्यासमोर ठेवली. बंदूक एक आणि भांडी दोन, याचं कारण सांगायचं तर बरंच मागं जावं लागतं.

सोरा, गंधक आणि कोळसा या तिघांपासून बनलेली काळी दारू शेकडो वर्षं चालली. तोडेदार, म्हणजे पेटत्या वातीनं उडणाऱ्या, बंदुकीत ती दोन ठिकाणी लागायची. नळीत ठासायची ती जाड दाण्याची, ती शिंगात. कानाशेजारच्या (कान म्हणजे नळीच्या बाजूचं बारीक भोक) पेल्यात टाकायची ती पिठासारखी बारीक, म्हणजे रंजक, ती रंजकदाणीत. पेटता तोडा पेल्यावर टेकला की रंजक क्षणात भडकते, ज्वाळा कानातून आत जाते आणि मुख्य बार उडतो. जिनसा दोन्हीकडे त्याच, फरक फक्त दाण्याचा. बारीक दाण्यांचा एकूण पृष्ठभाग जास्त, म्हणून ते झटकन जळतात. जाड दाणा बाहेरून आत जळत जातो, त्याला वेळ लागतो. पेल्यात जाड दारू टाकली तर ती वेळेवर पेट घेत नाही आणि बार फुसका जातो. सगळी नळी रंजकेनं ठासली तर नळीच फुटायची भीती. आज ‘फुसका बार’ आपण राजकारण्यांच्या घोषणांना म्हणतो, पण त्या शब्दामागं असा दाण्याचा हिशेब आहे.

हाच हिशेब तोफेपाशी फार मोठा होतो, आणि त्यासाठी आमच्या परंड्याइतकं योग्य ठिकाण दुसरं नाही. विजापूरच्या बुरुजावर आज जी मलिक-ए-मैदान तोफ लोक बघायला जातात, ती १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हुसेन रूमी या कारागिरानं ओतली. पुढं ती परंड्याच्या किल्ल्यात होती आणि तिथून १६३२ मध्ये विजापूरला गेली. तिला ओढायला दहा हत्ती आणि चारशे बैल लागले असं सांगतात. तोफेची लांबी साडेचौदा फुटांच्या आत-बाहेर, वजन सुमारे ५५ टन आणि तोंडाचा व्यास जवळजवळ ७० सेंटिमीटर. माणूस आत शिरून बसू शकतो. एवढ्या जड गोळ्याला हलायला वेळ लागतो. दारू एकदम भडकली तर गोळा जागचा हलायच्या आत सगळा दाब तोफेच्या बुडावर येतो. म्हणून नळी जितकी मोठी तितका दाणा जाड आणि जळणं सावकाश. गोलंदाज हे हातानं शिकले. (गोलंदाज म्हणजे मुळात तोफ डागणारा, क्रिकेटनं तो शब्द नंतर उचलला.) या अनुभवाला मोजमापाचं रूप यायला एकोणिसावं शतक उजाडलं. अमेरिकी सैन्यातल्या थॉमस रॉडमन या अधिकाऱ्यानं तोफेच्या आतला दाब मोजायचं साधन तयार केलं, आणि मोठ्या तोफांसाठी मुद्दाम मोठ्या दाण्याची, भोकं पाडलेल्या वड्यांची दारू सुचवली. भोकाचं कारण असं की वडी बाहेरून जळत लहान होत जाते तसं आतलं भोक रुंदावत जातं, त्यामुळे जळणारा पृष्ठभाग टिकून राहतो आणि गोळ्याला मागून रेटा मिळत राहतो.

मराठवाड्याच्या मातीत या दारूचा इतिहास ठायी ठायी आहे. दौलताबादची मेंढा तोफ आणि नळदुर्गच्या उपळ्या बुरुजावरच्या तोफा पर्यटकांना ठाऊक असतात. पण ज्या दारूवर त्या चालायच्या तिचा मागमूस राहिलेला नाही, कारण दारू उडून जाते किंवा ओल धरून मरते. ओलीची चिंता केवढी होती ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दिसतं. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, त्याच्या तळाला चुन्याचा गच करावा, सर्दी पोचू देऊ नये, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं येऊन दारू बाहेर काढून उन्हं द्यावीत आणि पुन्हा मोहर करून ठेवावी, असं त्यात बजावलं आहे. परंड्याचा किंवा औशाचा पावसाळा कोकणासारखा नाही, तरी श्रावणातल्या झडीत भिंतीला हात लावला की या हुकुमाचा अर्थ कळतो.

सोऱ्याबद्दलही थोडं सांगतो. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळीत पीक, पांढरीवर वस्ती. जिथं पिढ्यान्‌पिढ्या माणसं-जनावरं राहिली, मलमूत्र मुरलं, राख पडली, त्या मातीत सोरा धरतो. भिंतीला जो लोणा फुटतो त्यात इतर क्षारांबरोबर तोही असतो. हिंदुस्थानात सोऱ्याचं सगळ्यात मोठं ठाणं बिहारमध्ये होतं. डच आणि इंग्रज तिथूनच जहाजं भरून न्यायचे. पण जुन्या वस्तीची माती धुऊन, पाणी आटवून सोरा काढायची रीत बरीच दूरवर पसरलेली होती. माणसाच्या राहण्यातूनच तोफेचं खाद्य तयार व्हायचं, हा विचार मनात आला की मला गढीच्या पांढऱ्या भिंतीकडे पूर्वीसारखं बघवत नाही.

मराठवाड्यातल्या लढायाही याच दारूवर झाल्या. १७६० मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला गाठलं तेव्हा इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना त्यांच्या बाजूला होता. १७६३ मध्ये गोदाकाठच्या राक्षसभुवनला पुन्हा निजामाशी लढाई झाली. २३ सप्टेंबर १८०३ ला भोकरदनजवळच्या असईच्या रानात शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर आर्थर वेलस्ली उभा होता, आणि दिवस संपला तेव्हा मराठ्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या होत्या. त्या काळच्या लष्करात तोफा, उंटावरचे जंबुरे (छोट्या तोफा), लांब नळीच्या जेजाला, बंदुका आणि सरदारांच्या कमरेची पिस्तुलं एकत्र चालायची. इतक्या नळ्यांना एकच दाणा पुरवणं कारभाऱ्याला सोयीचं होतं यात शंका नाही. पुतण्या जे मागतो तेच तोही मागत असणार.

मग १८८४ आलं. फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यानं नायट्रोसेल्युलोजपासून (आम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसापासून) धूर न करणारी दारू बनवली. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेलची बॅलिस्टाइट आणि १८८९ मध्ये इंग्रजांची कॉर्डाइट आली. धूर गेला एवढाच बदल नव्हता. काळी दारू दाब वाढला तरी फारशी घाई करत नाही. नवी दारू दाब वाढला की आणखी वेगानं जळते, त्यानं दाब आणखी वाढतो, आणि थोडीशी चूक भडकत जाते. शिवाय तिची ताकद जास्त म्हणून लागते कमी. जुन्या चुका काळ्या दारूनं पुष्कळदा पोटात घातल्या, ही घालत नाही.

इथं .३८ स्पेशल या काडतुसाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. ते १८९८ च्या सुमाराचं. काळी दारू अजून वापरात होती, म्हणून त्याची पुंगळी २९ मिलिमीटर लांब केली गेली, सुमारे २१ ग्रेन काळी दारू मावावी म्हणून. सोनाराच्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ ११ गुंजा. (एका तोळ्यात ९६ गुंजा, म्हणजे १८० ग्रेन.) थोड्याच काळात त्यात नवी दारू भरली जाऊ लागली आणि तेवढ्याच कामाला दोन-तीन गुंजा पुरू लागल्या. पुंगळी मात्र तेवढीच राहिली. आजही .३८ च्या पुंगळीत बरीच जागा रिकामी असते. त्या रिकाम्या जागेत चुकून दुसरं माप पडलं तरी वरून लक्षात येत नाही, आणि पुंगळ्या भरणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते.

आता त्याच्या शेजारी ९ मिलिमीटर ठेवा. जर्मनीत गेओर्ग लुगरनं १९०२ मध्ये ते नव्या दारूसाठीच आखलं. पुंगळी फक्त १९ मिलिमीटरची. दोन्हींच्या गोळीची जाडी जवळजवळ सारखी, .३८ ची .३५७ इंच तर ९ मिलिमीटरची .३५५ इंच. पण .३८ स्पेशलची दाबाची मर्यादा अमेरिकी मानकात दर चौरस इंचाला १७,००० पौंड आणि ९ मिलिमीटरची ३५,०००. एक उतारवयाची आणि ऐसपैस, दुसरी तरुण आणि ठासून भरलेली. १९०५ च्या .४५ एसीपीची (कोल्टच्या ऑटोमॅटिक पिस्तुलाच्या काडतुसाची) मर्यादा २१,०००, म्हणजे ती .३८ कडेच झुकते. या तिघांना एकच दारू लावायची तर ती लवकर जळणारी हवी, कारण पिस्तुलाची नळी चार-पाच इंचांची आणि गोळी बाहेर पडायच्या आत जळण उरकायला हवं. शिवाय ती इतकी फुलणारी हवी की मोठ्या पुंगळीत अगदीच तळाशी बसणार नाही.

अशी दारू शोधायचा प्रयत्न अमेरिकेत शंभराहून जास्त वर्षं चालला आहे. लॅफ्लिन अँड रँड या कंपनीची बुल्सआय १८९८ ची, फार जलद आणि अगदी थोडी लागणारी. त्यानंतर थोड्याच काळात युनिक आली, तिच्याहून सावकाश आणि चकत्यांच्या रूपातली, म्हणून पुंगळीत जास्त जागा व्यापणारी. कंपनी आधी ड्युपाँ या बड्या कंपनीकडे गेली. १९१२ मध्ये मक्तेदारीच्या खटल्यात ड्युपाँची विभागणी झाली तेव्हा या दारू हर्क्युलिस या नव्या कंपनीच्या वाट्याला आल्या, आणि १९९५ पासून त्यांच्या डब्यावर अलायंट हे नाव आलं. मालक बदलत गेले, दारूचं नाव टिकलं. ‘एकच डबा घ्यायचा तर कोणता?’ या प्रश्नाला आजही पुष्कळ जुने नेमबाज ‘युनिक’ असंच उत्तर देतात. दुसरं नेहमीचं नाव विंचेस्टर २३१. हॉजडन कंपनीची एचपी-३८ आणि ही २३१ मुळात एकच दारू, दोन वेगळ्या डब्यांत. ‘एकच दारू’ शोधणाऱ्यानं कधी कधी तीच दोनदा विकत घेतलेली असते.

हे स्वप्न जिथं मोडतं ती जागा १९३५ ची आहे. त्या वर्षी .३५७ मॅग्नम हे जास्त जोराचं काडतूस आलं. पुंगळी .३८ स्पेशलपेक्षा थोडीच लांब, पण मर्यादा ९ मिलिमीटरइतकी आणि गोळी जड. तिला पूर्ण जोर द्यायचा तर सावकाश जळणारी दारू हवी, आणि ते काम हर्क्युलिसच्या ‘२४००’ नावाच्या दारूनं केलं. पुढं १९५५ चं .४४ मॅग्नमही त्याच वाटेनं गेलं. हीच सावकाश दारू ९ मिलिमीटरच्या छोट्या पुंगळीत पुरेशी मावत नाही, आणि सौम्य .३८ मध्ये घातली तर नळीत नीट जळतच नाही, न जळलेले दाणे बाहेर पडतात. याच जातीच्या काही दारू तर ठरल्यापेक्षा कमी मापानं भरल्या तरी धोकादायक ठरतात. हे पुतण्याला पटायला वेळ लागला, कारण कमी म्हणजे सुरक्षित असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. म्हणून तिकडचे जाणते लोक छापील तक्त्यातलं माप सोडून कधी जात नाहीत, आणि एका वेळी टेबलावर दारूचा एकच डबा ठेवतात.

आपल्याकडे हा प्रश्न घराघरात आला नाही, यामागं कायद्याचा इतिहास आहे. इंग्रजी मुलखात १८७८ चा शस्त्र कायदा आला. आपण मराठवाड्यातले लोक सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतो. पुढं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं सगळ्या देशाला एका नियमात आणलं. त्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि पुंगळी भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणंच. ९ मिलिमीटर तर सर्वसामान्य परवानाधारकाला मिळतच नाही. म्हणून इथला नेमबाज बहुधा .३२ वापरतो आणि तयार काडतूस घेतो. बुडावर ‘केएफ’ अक्षरं दिसली तर ते खडकीच्या कारखान्याचं. तो कारखाना १८६९ पासून चालू आहे. मापाची, दाण्याची, दाबाची सगळी काळजी त्या भिंतींच्या आत घेतलेली असते. हे मला योग्य वाटतं. तेरखेड्याच्या फटाक्यांच्या पट्ट्यातून जाताना रस्त्याकडेची सुटी सुटी शेडं बघितली, की दारूजवळ काम करणाऱ्यांनी एकमेकांपासून अंतर का राखायचं असतं ते कुणी सांगावं लागत नाही.

पुतण्यानं जाताना खिशातून एक रिकामी पुंगळी काढून दाखवली. त्याचं .३२ हे स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ चं. म्हणजे तीही काळ्या दारूच्या मापानं घडलेली, .३८ सारखीच गरजेपेक्षा ऐसपैस. मी त्याला स्पर्धेतली भरलेली गोळी नीट बघायला सांगितलं. तिचं तोंड सपाट असतं, आणि ती पुंगळीबाहेर डोकावत नाही, पार काठापर्यंत आत बुडवलेली असते. कागदावर गोल, स्वच्छ भोक पडावं म्हणून ते तोंड सपाट. पण आत बुडवल्यानं आणखी एक गोष्ट साधते. काळ्या दारूसाठी सोडलेली ती जुनी रिकामी जागा बरीचशी शिशानंच भरून निघते.