वर्षाला दोन मायक्रोसेकंद

साताऱ्याहून मेढामार्गे महाबळेश्वरला जाणाऱ्या एसटीत एक कादंबरी वाचत होते. नायक आजचा, नायिका दीडशे वर्षांपूर्वीची. प्रेमात काळच आडवा आला की मी लगेच विरघळते. पण केळघरचा घाट लागला आणि मनात आलं, यातलं खरं होऊ शकेल असं किती?

पुढच्या काळात जाणं शक्य आहे. आइन्स्टाइनने १९०५ मध्येच सांगून ठेवलंय की वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं. एक जोडी धरा, दोघंही पंचविशीची. तो प्रकाशाच्या ८७ टक्के वेगाने फिरून आला आणि इथे तिची १० वर्षं गेली, तर त्याची जातात जेमतेम ५. पुराणातल्या रेवतीचं असंच झालं. बाप तिला घेऊन स्थळ विचारायला ब्रह्मदेवाकडे गेला, गाणं संपेपर्यंत थांबला, तोवर इथे सत्तावीस चतुर्युगं उलटली! मनातली सगळी स्थळं गेली, शेवटी बलराम मिळाला. (यावरून आपल्याकडे सापेक्षतावाद होता असं कृपया कुणी म्हणू नये. गोष्ट मात्र फक्कड आहे.)

वेग नको असेल तर उंची चालेल. पृथ्वीपासून जितकं वर जावं, तितकं घड्याळ किंचित जलद चालतं. महाबळेश्वर साताऱ्यापेक्षा सुमारे ६०० मीटर उंच. तो साताऱ्यात आणि ती महाबळेश्वरात राहिली, तर वर्षाला ती सुमारे २ मायक्रोसेकंदांनी (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) जास्त मोठी होते. पन्नास वर्षं असं दुरून प्रेम केलं, तरी फरक सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाएवढाच. हसू येतं, पण हा फरक मोजता येतो. १९७१ मध्ये अणुघड्याळं विमानातून जगभर फिरवली, तेव्हा ती जमिनीवरच्या घड्याळांशी जुळेनात. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं तर दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. तो हिशेब धरला नाही, तर मोबाइलचा नकाशा आपल्याला भलतीकडेच नेईल.

मागे जाण्याचं मात्र अवघड. १९४९ मध्ये गणितज्ञ कुर्ट गोडेलने आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून भूतकाळात वळणारी वाट काढून दाखवली, पण त्यासाठी अख्खं विश्व गरगर फिरणारं हवं. आपलं तसं दिसत नाही. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगने २८ जून २००९ रोजी कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि आमंत्रणं ती झाल्यावर जाहीर केली. कुणीच फिरकलं नाही.

खरी अडचण नायकाची आहे. मागे जाऊन त्याने तिला मरणातून वाचवलं, तर पुढे तिच्यासाठी झुरून मागे जायचं कारणच उरत नाही. रशियन शास्त्रज्ञ नोविकोव्ह यांच्या मते, गेलात तरी घडलेलं बदलता येणार नाही. तुम्ही तिथे जे कराल, ते आधीच घडून गेलेलं असेल.

महाबळेश्वर आलं, तेव्हा शेवटचं प्रकरण संपत होतं. नायक विहिरीपाशी पोहोचला होता. मी घाईघाईने पहिलं प्रकरण उघडलं. विहिरीपाशी एक अनोळखी माणूस उभा होता, आणि मी तो वाचून विसरलेही होते.