दहावीचा निकाल, मोबाईल आणि सीमाभाग: पार्श्वभूमी

कर्नाटकात दहावीचा निकाल २०२३ मध्ये ८३.८९ टक्के होता, २०२४ मध्ये तो ७३.४० टक्क्यांवर आला. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात त्यावर बोलणे निघाले की गाडी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येऊन थांबते: पोरं रात्रभर रील्स बघत बसतात, अभ्यास कधी करणार? यात तथ्य आहे, पण घसरणीचे कारण म्हणून ते पुरे पडत नाही. त्या वर्षी परीक्षा केंद्रांवर कॅमेरे लागले आणि वर्गातले चित्र थेट वरच्या कार्यालयात दिसू लागले. कॉपीला चाप बसला. ग्रेस गुणांची मर्यादा १० वरून २० टक्क्यांवर नेऊनही निकाल इतका खाली राहिला. मुलांच्या हातातला मोबाईल आदल्या वर्षीही होता. बदलली ती परीक्षेवरची देखरेख. म्हणून मोबाईलचा अभ्यासावर झालेला परिणाम एका निकालात शोधून सापडणार नाही, थोडे मागे जावे लागते.

फेसबुकच्या आधी आपल्याकडे चाललेल्या ऑर्कुट या समाजमाध्यमाचा काळ इथे फारसा मोजायचे कारण नाही. तो कॉलेजच्या मुलांपुरता आणि बेळगावातल्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजणाऱ्यांपुरता होता. मात्र त्याच सुमारास अमेरिकेत फेसबुक आणि गुण यांचा संबंध तपासणे सुरू झाले. २०१० मधल्या एका गाजलेल्या पाहणीत फेसबुक वापरणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ग्रेड (चारच्या मापावर) ३.०६ आणि न वापरणाऱ्यांची ३.८२ निघाली. पाहणीतले विद्यार्थी थोडे होते आणि माहिती त्यांनी स्वतःच सांगितलेली होती, तरी ‘फेसबुकमुळे गुण घटतात’ हे वाक्य जगभर पसरले. पुढे २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा चित्र बरेच सौम्य निघाले. एकूण वापराचा गुणांशी संबंध उलटा, पण अगदी थोडा. अभ्यास करता करता मध्येच फोन पाहणाऱ्यांचा त्याहून जास्त. शाळेच्या कामासाठी वापरणाऱ्यांचा तर सरळ, म्हणजे फायद्याचा. समाजमाध्यमे अभ्यासाचे तास खातात, या सर्वमान्य समजुतीला त्या आकड्यांत आधार मिळाला नाही.

आपल्याकडे फोन घरात शिरला तो ५ सप्टेंबर २०१६ नंतर, जिओच्या फुकट डेटाबरोबर. देशभरातल्या ग्रामीण पाहणीत स्मार्टफोन असलेली घरे २०१८ मध्ये ३६ टक्के होती, २०२२ मध्ये ७४.८ टक्के झाली. या दोन आकड्यांच्या मधोमध २०२० साल आहे, आणि सीमाभागातल्या शाळांपुरते बोलायचे तर सगळे तिथेच फिरले.

त्या वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. जूनमध्ये राज्य सरकारने बालवर्गापासून पाचवीपर्यंतच्या ऑनलाइन वर्गांवर बंदी घातली आणि ती सातवीपर्यंत वाढवण्याचेही ठरत होते. लहान मुलांनी तासन् तास पडद्यासमोर बसू नये, पालकांच्या तक्रारी आहेत, शिवाय ज्यांच्याकडे साधन नाही ती मुले मागे पडतील, अशी कारणे दिली गेली. इंग्रजी शाळांचे पालक चिडले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २७ जूनला सरकारने थोडी ढील देऊन ठरावीक दिवशी ३० ते ४५ मिनिटांच्या तासिकांना परवानगी दिली. ८ जुलैला न्यायालयाने दोन्ही आदेशांना स्थगिती दिली. जगण्याच्या आणि शिक्षणाच्या मूलभूत हक्कांवर, म्हणजे घटनेच्या कलम २१ आणि २१-अ वर, हे आदेश घाला घालतात असे प्रथमदर्शनी मत नोंदवले. ऑनलाइन वर्ग सक्तीचे करण्याची किंवा त्यासाठी जादा फी घेण्याची मुभा शाळांना मिळालेली नाही, हेही न्यायालयाने सांगितले.

कायद्याच्या भाषेत निकाल बरोबर होता, यात मला शंका नाही. पण हा वाद शहरातल्या आणि फी भरणाऱ्या शाळांचा होता. सरकारी मराठी शाळेतल्या मुलाला बंदीने काही गमवावे लागले नव्हते, कारण त्याचा ऑनलाइन वर्ग मुळात सुरूच नव्हता. स्थगितीने त्याला काही मिळालेही नाही. बंदीमागचा प्रश्न मात्र खरा होता: शिकवण्यासाठी मुलाच्या हातात दिलेला फोन शिकवून झाल्यावर परत कोण घेणार? न्यायालयात हक्काची बाजू जिंकली आणि तो प्रश्न तसाच राहून गेला. पुढच्या चार-पाच वर्षांत जे घडले त्याचे मूळ मला इथे दिसते. बंदी टिकायला हवी होती असे माझे म्हणणे नाही. ती उठल्यावर साधन आणि शिस्त या दोन्हींची जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी होती. ती घेतली गेली नाही.

ऑगस्टमध्ये ‘विद्यागम’ आले. शिक्षकांनी गावात जायचे आणि देवळाच्या मंडपात, समाजमंदिरात, झाडाखाली मुलांना शिकवायचे. त्यासाठी मुलांची विभागणी घरातल्या साधनांवरून केली गेली: स्मार्टफोन असलेली, साधा फोन असलेली आणि काहीच नसलेली. गरीब घरातल्या मुलांना त्या वर्षात मिळालेले खरे शिक्षण हेच, असे म्हटले तरी चालेल. शिक्षकांना आणि मुलांना लागण झाल्याच्या बातम्या आल्यावर ऑक्टोबरमध्ये ते थांबवले गेले. राहिला व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. सरांनी संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो टाकायचा, मुलांनी उत्तर लिहून उलट फोटो पाठवायचा. त्याखाली अंगठे, हात जोडलेली चित्रे आणि कुणीतरी भलतीच पाठवलेली लिंक. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात रेंज नाही, म्हणून मुले फोन घेऊन उंचावर जात. तिथे आधी व्हिडिओ उतरवून घेत, अभ्यासाचे घरी आल्यावर बघत.

दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर आठवी ते दहावीचे पाठ सुरू झाले होते, पण ती वाहिनी कन्नडची. मराठी माध्यमाचा मुलगा मग यूट्यूबवर गेला आणि तिथे जे झाले ते बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. ‘दहावी विज्ञान पहिला धडा मराठी’ असे शोधले की समोर येतो ‘गुरुत्वाकर्षण’. तो महाराष्ट्र बोर्डाचा. या मुलाच्या पुस्तकात पहिले प्रकरण आहे ‘रासायनिक अभिक्रिया आणि समीकरणे’, कारण कर्नाटकाने विज्ञान आणि गणिताला केंद्रीय अभ्यासक्रम घेतला आहे. विज्ञानाचे एक वेळ निभते. हिंदीत त्या अभ्यासक्रमाचे भरपूर व्हिडिओ आहेत आणि पारिभाषिक शब्दही जवळचे. समाजविज्ञानात तीही सोय नाही. महाराष्ट्राचे पुस्तक इतिहासलेखनाच्या परंपरेपासून सुरू होते, इथले युरोपियनांच्या आगमनापासून. कित्तूरचा लढा परीक्षेला येतो, आणि कित्तूर आपल्याच जिल्ह्यात असले तरी त्यावर मराठीत समजावून सांगणारे फोनवर शोधत बसावे लागते. बेळगावचा किंवा भालकीचा मराठी मुलगा अभ्यासासाठी फोन उघडतो तेव्हा त्याच्या माध्यमातला आणि त्याच्याच अभ्यासक्रमाचा मजकूर फार थोडा असतो. करमणूक मात्र त्याच्या भाषेत अमाप आहे. कोल्हापूरची असो की पुण्याची, ती सीमा विचारत नाही.

करमणुकीचे स्वरूपही त्याच काळात पालटले. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली. जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणले, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स. शाळा बंद, फोन हातात, आणि समोर कधीही न संपणारे छोटे व्हिडिओ. हे सगळे एकाच पावसाळ्यात घडले. २०२१ ची दहावी १९ आणि २२ जुलैला दोनच पेपरांत, बहुपर्यायी प्रश्नांवर झाली आणि जवळजवळ सगळे पास झाले. त्या दोन वर्षांत जी मुले सहावी-सातवीत होती तीच २०२४-२५ च्या सुमारास दहावीला बसली. त्यांच्या लिहिण्यातला कच्चेपणा रील्सच्या खात्यावर टाकायचा की सुटलेल्या दोन वर्षांच्या, हे वेगळे काढता येत नाही. शिक्षकही ते मान्य करतात.

मध्यंतरी ग्रुपवर आणखी एक गोष्ट फिरू लागली: ‘पासिंग पॅकेज’. कच्च्या मुलाला निदान पास होता यावे म्हणून हमखास येणारे प्रश्न, आकृत्या, नकाशा यांची वीस-पंचवीस पाने. झेरॉक्सचा फोटो, त्याचाही फोटो, असे करत ती इतकी पुसट होतात की आकृतीतली नावे वाचता येत नाहीत. तरी तीच पाठ होतात. ६२५ पैकी गुण किती, हा विचार मागे पडतो आणि निदान पास कसे व्हायचे एवढेच उरते. मोबाईलने अभ्यासावर केलेला हा परिणाम कोणत्याच पाहणीत येत नाही, कारण पाहणीत याची नोंद ‘शैक्षणिक वापर’ अशी होते.

जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी.

सीमाभागात याला एक जास्तीची धार आहे. नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी बेळगावातल्या एका कॉलेजच्या कार्यक्रमात झेंड्यावरून विद्यार्थ्यांत मारामारी झाली. तिची चित्रफीत काही तासांत दोन्ही राज्यांत पोचली आणि पुढच्याच आठवड्यात हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले. अशा दिवसांत स्टेटस हाच आखाडा होतो. सतरा-अठरा वर्षांचे मूल रात्री दोन वाजेपर्यंत उत्तरे देत बसते, आणि एखादी पोस्ट अंगाशी आली तर पोलीस ठाण्याच्या चकरा पीयूसीच्या, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीच्या, परीक्षेच्या तोंडावर सुरू होतात. मराठीसाठी उभे राहणाऱ्या मोठ्यांनी याकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिलेले नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने एका सुनावणीत शाळकरी मुलांच्या व्यसनाचा उल्लेख केला आणि समाजमाध्यमांसाठी वयाची अट असावी, २१ वर्षांची का नसावी, असे तोंडी म्हटले. त्याच्या तीन वर्षे आधी फोनवरच्या वर्गांसाठी दार उघडणारे न्यायालयही हेच. या सुनावणीच्या आधीच, ऑगस्ट २०२२ पासून, सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावी संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद राहू लागले. तीच रीत पुढे बेळगाव तालुक्यातही आली.

केंद्राच्या २०२३ च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी कंपन्यांना पालकांची पडताळलेली संमती घ्यावी लागणार आहे. खानापूर तालुक्यातल्या बहुतेक घरांत सिम वडिलांच्या नावावर, फोन घरात एकच आणि इन्स्टाग्रामवर टाकलेली जन्मतारीख मुलाने स्वतः निवडलेली. संमती मागणारा ओटीपी येईल तोही त्याच फोनवर, मुलाच्याच हातात.