गरोदरपणात थायरॉईडची गोळी कधी घ्यायची, आणि बाकीच्या गोळ्या कधी
(आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"गोळी रोज घेतेय, एकही दिवस चुकवली नाही, तरी टीएसएच वाढलाच कसा?" काउंटरवर हा प्रश्न दर आठवड्याला येतो. (टीएसएच म्हणजे रक्ताच्या रिपोर्टमधला थायरॉईडचा आकडा. औषध कमी पडलं की तो वाढतो, जास्त झालं की खाली येतो.) आम्ही उलट विचारतो, "गोळी कशाबरोबर घेता?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: नाश्ता झाला की थायरॉईड, आयर्न, कॅल्शियम सगळ्या एकदमच. एका हातावर काढायच्या आणि पाण्याबरोबर घेऊन टाकायच्या, म्हणजे विसरायला होत नाही.

विसरायला होत नाही हे खरं, पण गोळी अंगीही लागत नाही. थायरॉईडची गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. नाव थायरोनॉर्म असो, एल्ट्रॉक्सिन असो की थायरॉक्स, आतलं औषध तेच. ते लहान आतड्यात शोषलं जातं, आणि उपाशीपोटी घेतलं तरी साधारण 60 ते 80 टक्केच. सोबत लोह किंवा कॅल्शियम असलं की ते औषधाला धरून बसतात आणि औषध न शोषताच शौचावाटे निघून जातं. म्हणून थायरॉईडची गोळी आणि आयर्न-कॅल्शियम यांच्यात 4 तासांचं अंतर लागतं. अर्धा तास किंवा एक तास हे चहा-नाश्त्यासाठीचं अंतर आहे. आयर्न-कॅल्शियमला ते पुरत नाही, आणि या दोन आकड्यांचीच सगळ्यात जास्त गल्लत होते.

इथे आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली आहे. "अजून कुठल्या गोळ्या चालू आहेत?" असं विचारलं की बऱ्याच ताई "काही नाही" म्हणतात, कारण आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून मिळालेली लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी त्या मोजतच नाहीत. विकत घेतली नाही म्हणून ती औषध नाही, असं होत नाही. त्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. गरोदरपणासाठी मल्टिव्हिटॅमिन लिहून दिलं असेल तर त्यातही बहुतेक वेळा लोह आणि कॅल्शियम दोन्ही असतात. तेव्हा येताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, फुकट मिळालेल्यासुद्धा.

बहुतेकींना जमणारं वेळापत्रक असं:

सकाळी 6.30 – थायरॉईडची गोळी, नुसत्या साध्या पाण्याबरोबर.
7.30 – चहा, नाश्ता.
11.00 – आयर्न, पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर. त्याच्या आगेमागे चहा नको.
1.30 – जेवण, जेवणाबरोबर कॅल्शियम.
रात्री 8.30 – जेवण, दुसरी कॅल्शियमची गोळी.

आयर्न आणि कॅल्शियमही एकमेकांच्या आड येतात, म्हणून त्यांच्यातही 2 तास ठेवलेत. नोकरीमुळे अकराला जमत नसेल तर आयर्न रात्री साडेदहा-अकराला झोपताना घ्या. पहाटेच्या थायरॉईडच्या गोळीपर्यंत भरपूर अंतर राहतं. दिवसभरातल्या गोळ्या किती हे तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणेच. आम्ही इथे फक्त वेळा बसवून दिल्या आहेत.

"उपाशीपोटी" या शब्दाचा अर्थ घरोघरी वेगळा. दुधाचा अर्धा कप चहा, भिजवलेले बदाम, दुधातलं नाचणीसत्त्व, खजूर हे "काही खाणं" मानलं जात नाही. गोळीच्या दृष्टीने हे सगळं खाणंच. नाचणी आणि दूध दोन्हींत कॅल्शियम भरपूर, म्हणून गरोदरपणात ते चांगलंच, पण गोळीनंतर तासाभराने. कोरी कॉफीसुद्धा चालत नाही, कॉफीने शोषण कमी होतं. सोयाबीनच्या वड्या किंवा सोया दूध नेहमीच्या खाण्यात असेल तर तेही गोळीपासून लांब ठेवा.

उपवासाला मात्र गोळी बंद करायची नाही. संकष्टी-नवरात्रात काही अडतच नाही, पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि फराळ नंतर. प्रश्न येतो हरतालिकेला. पोटात बाळ असताना निर्जळी करायची का, हे डॉक्टर आणि घरच्या मोठ्यांशी बोलून ठरवा. गोळीपुरतं तरी घोटभर पाणी लागतंच.

सकाळी मळमळतं, पाणीसुद्धा टिकत नाही, अशी तक्रार पहिल्या तीन महिन्यांत फार असते. अशा वेळी डॉक्टरांना विचारून गोळी रात्री झोपताना घेता येते. त्यासाठी रात्रीच्या जेवणानंतर निदान 3 तास गेलेले हवेत. साडेसातला जेवण, अकराला गोळी. पण मग कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर चालणार नाही, ते सकाळच्या नाश्त्याला आणि दुपारच्या जेवणाला सरकवावं लागतं, आणि आयर्न संध्याकाळी पाच-साडेपाचला. झोपतानाचं केशराचं दूधही संध्याकाळवर न्यावं लागतं. सासूबाईंना हे आधी समजावून सांगा, नाहीतर गोळी आणि दूध एकाच ताटलीत येतात. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर मनाने दुसरी घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा.

पुढे जळजळ सुरू होते आणि घरात असलेलं ॲसिडिटीचं पातळ औषध घेतलं जातं. त्यातले ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमही थायरॉईडची गोळी अडवतात. त्यालाही 4 तास. पॅन्टोप्राझोलसारखी गोळी रोज चालू झाली असेल तर थायरॉईडच्या डॉक्टरांना सांगा, पोटातलं आम्ल कमी झालं की शोषणही बदलतं. आयर्नने पोट साफ होत नाही म्हणून इसबगोल घेत असाल तर तोही थायरॉईडच्या गोळीच्या वेळी नको.

एवढ्या बारकाईने का सांगतो? गरोदरपणात या औषधाची गरज मुळातच वाढते, आधीच्या डोसच्या साधारण 25 ते 50 टक्के, आणि तीही चौथ्या-सहाव्या आठवड्यापासून. बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करते. तोवर ते पूर्णपणे आईच्या हार्मोनवर अवलंबून. म्हणून आधीपासून गोळी चालू असेल तर दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना कळवा, पुढच्या तपासणीची वाट बघू नका. काही डॉक्टर रिपोर्ट येईपर्यंत आठवड्याला 7 ऐवजी 9 गोळ्या सांगतात. शेजारणीला सांगितलं म्हणून तुम्ही तसं करू नका.

आता तपासणीबद्दल. या औषधाचा अंगातला अर्धा भाग कमी व्हायलाच सुमारे 7 दिवस लागतात, त्यामुळे आज वेळ सुधारली तर उद्या रिपोर्ट सुधारत नाही. टीएसएच स्थिर व्हायला 4 ते 6 आठवडे लागतात. निम्म्या गरोदरपणापर्यंत दर 4 आठवड्यांनी आणि पुढे तिसाव्या आठवड्याच्या आसपास एकदा तरी तपासणी सांगतात, ती चुकवू नका. ज्या दिवशी रक्त द्यायचं त्या सकाळची गोळी पुडीत बांधून सोबत न्या आणि रक्त दिल्यावर घ्या. आधी घेतली तर काही तास टी-4 (रक्तातलं थायरॉईडचं हार्मोन) जास्त दिसतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला सांगा, त्याने आकडे चुकतात.

आणि इथेच सगळ्यांचा वेळ जातो. गोळी कॅल्शियमबरोबर घेतली, टीएसएच वाढला, डॉक्टरांनी 50 मायक्रोग्रॅमची गोळी 75 ची केली. कोणी तरी वेळ सांगितली, 75 नीट लागू पडली, आणि पुढच्या रिपोर्टला टीएसएच फारच खाली. पुन्हा डोस बदल, तिसरी बाटली. मग फोडलेल्या दोन बाटल्या घेऊन ताई आमच्याकडे परत करायला येतात. फोडलेली बाटली आम्ही परत घेत नाही, यावरून नाराजी होते, पण ती दुसऱ्या पेशंटला देता येत नाही आणि तुम्हालाही कोणी दिलेली चालणार नाही. डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना एवढंच सांगा की मी गोळी कधी आणि कशाबरोबर घेते. ते विचारतीलच असं नाही, गर्दी असते.

डोस बदलला की आम्ही नवीन चिठ्ठी बघतोच, फोनवर "75 ची द्या" म्हटलं तरी. जुनी बंद करून नवीन घ्यायची, की 50 आणि 25 मिळून 75 करायची, हे चिठ्ठीवरूनच कळतं. दोन्ही बाटल्या चालू ठेवून 125 घेणाऱ्याही भेटतात. कंपनीही आपण होऊन बदलत नाही. तुमच्या कंपनीची बाटली संपली असेल तर मागवून देतो, बहुधा दुसऱ्या दिवशी मिळते. थोडी कटकट वाटेल, पण गरोदरपणात कंपनी एकच राहिलेली बरी, बदललीच तर डॉक्टरांना सांगून.

बाटलीतल्या गोळ्या स्टीलच्या डबीत किंवा आठवड्याच्या डबीत काढून ठेवू नका. ओल आणि उजेड लागला की त्या खराब होतात. ओट्यावर गॅसजवळ नको, बाथरूमच्या कपाटात नको.

आमच्याकडून औषध घेताना सांगितलंत तर प्रत्येक पाकिटावर वेळ लिहून देतो, थायरॉईडचं पाकीट वेगळं. त्याचे पैसे नाहीत. व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो पाठवलात तर बाटली संपायच्या आठवडाभर आधी आठवण करतो आणि घरपोच देतो. नववा महिना लागला असेल तर मोठी बाटली घेण्याआधी विचारा: बाळंतपणानंतर डोस बहुतेक वेळा पहिल्याइतका कमी होतो आणि 6 आठवड्यांनी पुन्हा तपासणी असते, तेव्हा 100 गोळ्या उगीच पडून राहतील. आयर्न-कॅल्शियम मात्र बाळंतपणानंतरही सहा महिने चालू असतात, शिवाय अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू येतात, त्यामुळे वरचं वेळापत्रक फ्रिजवरून काढू नका.