'नाक्तखेबोरेन' आणि नेपोलियनची न झालेली थट्टा

डच लोकांच्या विचित्र आडनावांविषयी एक किस्सा वर्षानुवर्षं फिरतोय. १८११ साली नेपोलियनने आडनावाची सक्ती केली, लोकांना वाटलं ही दोन दिवसांची कटकट, म्हणून त्यांनी मुद्दाम चावट नावं नोंदवली. पुरावा म्हणून हमखास पुढे येतं 'नाक्तखेबोरेन', म्हणजे 'नागडा जन्मलेला'.

किस्सा झकास, पण खोटा. हुकूम मात्र खरा: १८ ऑगस्ट १८११चा. हॉलंड आदल्याच वर्षी फ्रेंच साम्राज्यात सामील झालं होतं. पण तोवर बहुतेक डच घराण्यांना आडनावं होतीच. अडचण होती ती मुख्यतः फ्रीसलंडसारख्या उत्तरेकडच्या भागात. तिथे पीटरचा मुलगा यान म्हणजे 'यान पीटर्स' आणि यानचा मुलगा क्लास म्हणजे 'क्लास यान्स'. पिढीगणिक नाव बदलणार, मग सैन्यभरतीची यादी करायची कशी? नोंदणीला आलेल्यांनी घेतलेली नावंही बरीचशी साधीच, गावाची नाहीतर धंद्याची. चेष्टा करायला वेळ कुणाला होता!

आणि नाक्तखेबोरेन? हे आडनाव १८११च्या कितीतरी आधीपासून सापडतं. जाणकार त्याचं मूळ जर्मन 'नाखगेबोरेन'मध्ये शोधतात: बाप वारल्यानंतर जन्मलेलं मूल. जर्मन मुलुखातून कामधंद्यासाठी हॉलंडात येणाऱ्यांचा ओघ मोठा होता. त्यांच्याबरोबर आलेला 'नाख', म्हणजे 'नंतर', डच कानांना 'नाक्त' ऐकू आला आणि पोरकं पोर कागदावर नागडं झालं.