वकिलाला आमदारकी लढवायचीय? सनद, पात्रता आणि कागदपत्रे

बाररूममध्ये निवडणुकीचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास हाच: "सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, जमा करावी लागते का हो?" नाही. आमदार हा कुणाचा पूर्णवेळ पगारी नोकर नाही, म्हणून पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करू न देणारा बार कौन्सिलचा नियम ४९ त्याला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले. निवडून आल्यावरही वकीलपत्र दाखल करता येते.

जपून राहायचे ते सरकारी वकिलांनी. घटनेच्या अनुच्छेद १९१ मधले 'लाभाचे पद', म्हणजे आमदारकीला अपात्र ठरवणारे सरकारी पद, इथे आडवे येऊ शकते. राजस्थानातल्या कोलायतच्या आमदार कांता कथुरिया यांच्याकडे विशेष सरकारी वकील म्हणून एकच लवादाचे काम होते. तेवढ्यावरून उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्या जिंकल्या, पण बहुमताने, एकमताने नव्हे. तेव्हा अर्ज भरण्याआधी राजीनामा द्या आणि तो मंजूर झाल्याचे पत्र हातात घ्या. नुसती पोच पुरत नाही.

बाकी पात्रता सोपी आहे. भारतीय नागरिकत्व, वय २५ पूर्ण आणि राज्यातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव. नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर यादीची प्रमाणित प्रत लागते. राखीव जागेसाठी जातीचे प्रमाणपत्र.

नामनिर्देशन पत्र नमुना २ब मध्ये, सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा, आणि सगळे त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५,०००. पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचे पत्र, शेवटच्या दिवशी तीनच्या आत पोचला पाहिजे. निवडणूक खर्चाचे स्वतंत्र बँक खाते अर्ज भरण्याच्या किमान आदल्या दिवशी उघडलेले असावे.

वकील अडखळतात ते नमुना २६ च्या शपथपत्रात. जन्मभर दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रे केलेला माणूस स्वतःच्या कागदावर रकाना कोरा सोडतो. पती किंवा पत्नी आणि अवलंबितांची मालमत्ता, देणी, प्रलंबित खटले, पाच वर्षांची प्राप्तिकर विवरणे हे सगळे त्यात येते. सांगण्यासारखे काही नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहायचेच. सूचना देऊनही रकाना कोराच राहिला तर अर्ज फेटाळता येतो, असा २०१३ चा निकाल आहे. शेजारच्या टेबलावरच्या नोटरीकडे जायला हरकत नाही, मात्र सही त्याच्यासमोरच करा.

अर्ज दिल्यानंतर उमेदवाराची शपथ घ्यायची असते, तीही छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत. छाननीच्या सकाळी घेतलेली चालत नाही. आमचा सल्ला: अर्ज दिला की तिथेच शपथ उरका आणि प्रमाणपत्र फाइलला लावा.

महाराष्ट्रात खर्चमर्यादा ४० लाख, गोव्यात २८ लाख. हिशेब निकालानंतर ३० दिवसांत द्यायचा, हरलात तरी. नाही दिला आणि कारणही पटण्याजोगे नसले, तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवतो.