नवी स्टेम नेहमी लांबच का येते

मनगटी घड्याळाची नवी स्टेम, म्हणजे क्राउनची (बाजूच्या फिरवायच्या गुंडीची) दांडी, कधीच मापात येत नाही. ती जास्तीच लांब असते आणि कारागिराला कापावी लागते. हा आळस नव्हे, धंद्याची जुनी रीत आहे. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाचं आतलं मशीन एक कारखाना करायचा, केस म्हणजे बाहेरचं कवच दुसरा. एकच मशीन जाड, पातळ, कुठल्याही केसमध्ये जायचं. मग दांडीची लांबी ठरवायची कुणी? शेवटी घड्याळ जोडणाऱ्याने.

ही दांडी येण्याआधी घड्याळाला सुट्या किल्लीने चावी द्यावी लागे. किल्ली हरवायची, तिच्या भोकातून धूळ आत जायची. एड्रियन फिलिप या फ्रेंच कारागिराने क्राउननेच चावी देण्याची सोय केली. १८४४च्या पॅरिस प्रदर्शनात ती जिनिव्हाचे घड्याळ-उत्पादक पाटेक यांच्या नजरेस पडली, १८४५मध्ये तिचं पेटंट झालं आणि १८५१पासून दोघांची नावं कंपनीवर एकत्र आली.

किल्लीचं भोक गेलं, पण दांडीचं राहिलंच. मनगटावर घाम आणि पाणी तिथूनच शिरतं. रोलेक्सने १९२६च्या ऑयस्टर घड्याळात केसच्या नळीवर (दांडी जिथून आत जाते ती) आट्यांनी घट्ट बसणारी क्राउन दिली. अशा घड्याळाला बाजारातली कुठलीही क्राउन चालत नाही, आटे नळीशी जुळावे लागतात.

आपल्याकडे दुरुस्तीला येतात ती बहुतेक एचएमटीची. सिटिझनच्या मदतीने १९६१मध्ये बंगळुरात सुरू झालेलं हे काम. २०१६मध्ये कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला. ‘जनता’सारख्या घड्याळाला रोज चावी द्यावी लागते, त्यामुळे क्राउनचे दाते गुळगुळीत होतात आणि दांडीला मशीनमध्ये धरून ठेवणारी सेटिंग लिव्हर जिथे अडकते, त्या खाचेपाशी दांडी तुटते. तिथेच ती सगळ्यात बारीक असते. सुटे भाग आता जुन्या साठ्यातून, नाहीतर भंगार घड्याळांतून.

बसवताना क्राउन लावलेली दांडी मशीनमध्ये पूर्ण आत सारायची, क्राउन आणि केसमधली फट मोजायची, तेवढाच तुकडा आट्यांच्या बाजूने कापून टोक कानशीने सपाट करायचं. थोडं थोडंच घासावं. जास्त गेलं की दुसरी दांडी आणा. दांडी आणि क्राउनचे आटेही एकाच मापाचे हवेत; हे माप ‘टॅप’मध्ये सांगतात, टॅप १० म्हणजे ०.९० मिलिमीटर. जुन्या क्राउनमध्ये गंजलेला तुकडा अडकला असेल, तर क्राउन तेवढी सुटी काढून तुरटीच्या गरम पाण्यात ठेवतात. पोलाद विरघळतं, पितळ शाबूत राहतं.