कंपनीचे नाव : निवड आणि नोंदणी (भारत)

भारतात कंपनी स्थापन करताना तिला जे नाव मिळते ते कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४ प्रमाणे केंद्र सरकारकडून आधी मंजूर करून घ्यावे लागते. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही मालकांहून वेगळी व्यक्ती. ती करार करते, कर्ज काढते, कोर्टात उभी राहते, आणि हे सगळे नावानेच करते. म्हणून कंपनी निबंधकाच्या नोंदवहीत एकसारख्या नावाच्या दोन कंपन्या असू शकत नाहीत. कर्ज किंवा माल देणाऱ्याला आपण नेमके कोणाशी व्यवहार करतो आहोत हे कळले पाहिजे, हा त्यामागचा मूळ हेतू.

नावाचे शेपूट कायद्याने ठरवून दिलेले आहे. खाजगी कंपनीच्या नावाअखेर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि सार्वजनिक कंपनीच्या नावाअखेर ‘लिमिटेड’ लिहावेच लागते. भागधारकांची जबाबदारी मर्यादित आहे, कंपनी बुडाली तर त्यांच्या घरादारापर्यंत हात पोचणार नाही, ही सूचना त्या एका शब्दात दिलेली असते. एकट्या माणसाच्या कंपनीला ‘ओपीसी’ (वन पर्सन कंपनी) ही अक्षरे जोडावी लागतात. कलम ८ खालच्या धर्मादाय कंपन्यांना ‘लिमिटेड’मधून सूट आहे, त्यांच्या नावात फाउंडेशन, फोरम, असोसिएशन, कौन्सिल असे शब्द येतात. शेतकऱ्यांच्या कंपन्यांची अखेर ‘प्रोड्यूसर कंपनी लिमिटेड’ अशी होते. नाशिक जिल्ह्यातील सह्याद्री फार्मर्स प्रोड्यूसर कंपनी हे महाराष्ट्रातले त्याचे ठळक उदाहरण.

सारखेपणाची कसोटी

नावे नाकारली जातात ती बहुतेक वेळा आधीच्या नावाशी असलेल्या साम्यामुळे. हे साम्य कसे मोजायचे ते कंपनी (स्थापना) नियम, २०१४ च्या नियम ८ मध्ये सांगितले आहे. २०१९ मध्ये हा नियम नव्याने लिहिला गेला. त्यातली मुख्य गोष्ट अशी की वरवरचा फरक फरक म्हणून धरला जात नाही. एकवचनाचे अनेकवचन केले, मध्ये टिंब दिले, स्पेलिंग जरा वाकवले, शब्दांची अदलाबदल केली, मागे ‘डॉट कॉम’ लावले, आकडा जोडला किंवा गावाचे नाव चिकटवले, तरी नाव जुनेच राहते. रोमन लिपीतले ‘J. K. Industries’ आणि ‘Jay Kay Industries’ नियमाच्या लेखी एकच. ‘बिल्डर्स अँड कॉन्ट्रॅक्टर्स’ उलटे करून ‘कॉन्ट्रॅक्टर्स अँड बिल्डर्स’ केले तरी चालत नाही.

मराठी उद्योजकाने यातला भाषांतराचा मुद्दा नीट समजून घ्यावा. एखाद्या नावाचे हिंदीतले किंवा इंग्रजीतले संपूर्ण भाषांतर किंवा लिप्यंतर हेही तेच नाव मानले जाते. नियमातच उदाहरण आहे : ‘नॅशनल इलेक्ट्रिसिटी कॉर्पोरेशन’ आणि ‘राष्ट्रीय विद्युत निगम’ ही दोन नावे एकच. इंग्रजीत घेतलेले नाव मराठीत आणले की सुटका होईलच, असे त्यामुळे मानू नये. नोंदवही रोमन लिपीत असल्यामुळे ‘श्री’ दोन ‘ई’ने लिहायचा की एका ‘आय’ने, ‘व’ला ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, असल्या फरकांवर भिस्त ठेवण्यातही अर्थ नाही. सह्याद्री, शिवनेरी, कृष्णा, गोदावरी, समर्थ, साई ही आपल्याकडची आवडती नावे. ती घ्यायची तर सोबतचा शब्द खरोखर वेगळा असावा लागतो. ‘एंटरप्रायझेस’ किंवा ‘इंडस्ट्रीज’ जोडून वेगळेपण येत नाही.

बंद पडलेल्या कंपनीचे नावही लगेच मोकळे होत नाही. मालमत्ता आणि देणी निकालात काढून (लिक्विडेशन) विसर्जित झालेल्या कंपनीचे नाव दोन वर्षे, आणि निबंधकाने नोंदवहीतून काढून टाकलेल्या कंपनीचे नाव २० वर्षे दुसऱ्याला मिळत नाही.

निषिद्ध आणि परवानगीचे शब्द

सरकारशी संबंध असल्याचा भास होईल असे शब्द, उदाहरणार्थ बोर्ड, कमिशन, नॅशनल, सेंट्रल, पंचायत, म्युनिसिपल, मिनिस्टर, केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय वापरता येत नाहीत. बँक, इन्शुरन्स, स्टॉक एक्स्चेंज यांसाठी रिझर्व्ह बँक, विमा नियामक किंवा सेबी यांची संमती लागते. नुसते देशाचे, राज्याचे किंवा शहराचे नाव म्हणजेच कंपनीचे नाव, हेही चालत नाही.

महाराष्ट्रात वारंवार आडवा येतो तो बोधचिन्हे व नावे (अनुचित वापर प्रतिबंध) कायदा, १९५०. या कायद्याच्या परिशिष्टात महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी यांच्याबरोबर छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव व चित्र आहे, आणि ‘शिवाजी’ हा शब्दही वेगळा नोंदवलेला आहे. सरकारी परवानगीशिवाय व्यापारासाठी त्याचा वापर करता येत नाही, आणि या कायद्याने निषिद्ध ठरलेले नाव कंपनीलाही मिळत नाही. महाराजांवरच्या भक्तीपोटी हे नाव मागणाऱ्या तरुणांना नकार टोचतो, पण हे नाव साबणाच्या वडीवर किंवा थकलेल्या कर्जाच्या नोटिशीवर येऊ नये यासाठीच ही तरतूद असावी असे वाटते, आणि ती योग्य आहे. महाराजांच्या गडकोटांची नावे या परिशिष्टात नाहीत.

अर्जाची वाट

पूर्वी एका अर्जात सहा नावे देता येत आणि निबंधक कार्यालयांचे निकष जागोजागी थोडे बदलत. जानेवारी २०१६ पासून नावांची छाननी हरियाणातील मानेसर येथील केंद्रीय नोंदणी केंद्रात होते. पुण्याचा अर्ज असो की पणजीचा, तो तिथेच जातो. २०१८ मध्ये ‘रन’ हा नावाच्या आरक्षणाचा अर्ज आला. फेब्रुवारी २०२० पासून नव्या कंपनीसाठी कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरील ‘स्पाइस प्लस’ या अर्जाचा भाग ‘अ’ वापरला जातो. अस्तित्वात असलेल्या कंपनीच्या नावबदलासाठी ‘रन’ राहिला.

भाग ‘अ’मध्ये पसंतीक्रमाने दोन नावे देता येतात. शुल्क १,००० रुपये, आणि नाव नाकारले तरी ते परत मिळत नाही. त्रुटी निघाली तर दुरुस्तीची एक संधी मिळते. नावाचा अर्थ आणि ते का निवडले हे लिहायच्या रकान्याकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. ‘संस्थापकांच्या आईचे नाव’, ‘अमुक दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून केलेला शब्द’ असे दोन ओळींचे नेमके स्पष्टीकरण दिले, तर तपासणाऱ्यासमोर अर्जदाराची बाजू निदान मांडलेली असते.

मंजूर नाव २० दिवस राखून ठेवले जाते. तेवढ्यात अर्जाचा भाग ‘ब’ भरून कंपनी नोंदवायची. वेळ अपुरा पडला तर १,००० रुपये भरून ४० दिवसांपर्यंत, आणि आणखी २,००० भरून ६० दिवसांपर्यंत मुदत वाढते. खोटी माहिती देऊन नाव राखले असेल तर आरक्षण रद्द होऊन एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

नाव आणि व्यापारचिन्ह

नाव मंजूर झाले म्हणजे ते आपले झाले, ही या विषयातली सर्वांत महाग पडणारी समजूत आहे. कंपनीच्या नावाची नोंद कंपनी कायद्याखाली होते. बाजारात त्या नावाने माल विकण्याचा हक्क व्यापारचिन्ह कायदा, १९९९ ठरवतो. त्याची नोंदवही वेगळी असून वस्तू व सेवा ४५ वर्गांत विभागलेल्या आहेत. नोंदलेल्या किंवा अर्ज केलेल्या व्यापारचिन्हाशी जुळणारे नाव मालकाच्या संमतीशिवाय देऊ नये असा नियम आहे खरा, पण छाननीतून अशी नावे निसटतात. शिवाय भागीदारी पेढ्यांची नोंद राज्याच्या पेढी निबंधकाकडे असते आणि कित्येक दुकाने तर कुठेच नोंदलेली नसतात. सांगलीतल्या पन्नास वर्षे जुन्या पेढीचे नाव मानेसरच्या पडद्यावर दिसत नाही, तरी लोकमान्यतेच्या बळावर ती पेढी कोर्टात जाऊ शकते. म्हणून अर्जाआधी व्यापारचिन्हांचा मोफत ऑनलाइन शोध घ्यावाच, आणि बाजारातही विचारपूस करावी.

न्यायालयांची भूमिका महाराष्ट्रातल्याच दोन उद्योगसमूहांच्या नावांवरून स्पष्ट होते. ‘किर्लोस्कर’ हे आडनाव वापरून निघालेल्या डिझेल इंजिन दुरुस्तीच्या कंपनीविरुद्ध किर्लोस्कर प्रोप्रायटरी लिमिटेडने दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाने या नावाला बाजारात स्वतंत्र ओळख प्राप्त झाल्याचे मानून मनाई कायम ठेवली. आडनाव आपलेच आहे किंवा धंदा वेगळा आहे, एवढा बचाव पुरला नाही. ‘महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स’ या नावाविरुद्ध महिंद्र अँड महिंद्रने मिळवलेली तात्पुरती मनाई सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये उचलून धरली.

कोर्टाखेरीज कलम १६ चा मार्गही आहे. व्यापारचिन्हाच्या मालकाने कंपनीने ते नाव घेतल्यापासून तीन वर्षांच्या आत मंत्रालयाच्या प्रादेशिक संचालकाकडे अर्ज केला आणि तो मान्य झाला, तर कंपनीला तीन महिन्यांत नाव बदलावे लागते. न बदलल्यास सप्टेंबर २०२१ पासून लागू असलेल्या नियमाने सरकारच नवे नाव देते : ‘ओआरडीएनसी’ ही अक्षरे, म्हणजे आदेश न पाळलेली कंपनी, पुढे वर्ष, अनुक्रमांक आणि कंपनीचा ओळख क्रमांक. पाटी, पत्र, बिल सगळीकडे मग तेच नाव.

पाटी आणि नावबदल

कलम १२ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाबाहेर नाव ठळक लावावे लागते, आणि ते स्थानिक लिपीतही हवे. न लावल्यास दिवसाला १,००० रुपये, कमाल एक लाख दंड. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने देवनागरीतील मराठी पाटी सर्व आस्थापनांना बंधनकारक झाली. त्यामुळे नाव ठरवतानाच ते देवनागरीत कसे दिसते आणि कसे उच्चारले जाते हे पाहून ठेवावे.

नाव पुढे बदलता येते. त्यासाठी भागधारकांचा विशेष ठराव, म्हणजे मतदानातील तीन चतुर्थांश पाठिंबा, आणि सरकारची मंजुरी लागते. मग नवे प्रमाणपत्र मिळते. जुने नाव नव्याबरोबर दोन वर्षे दाखवावे लागते. जुने करार आणि दावे मात्र तसेच चालू राहतात, कारण कंपनी तीच असते. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपासाठी निघालेली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ हीच आजची विप्रो. पुण्यात १९८१ मध्ये नोंदलेली ‘इन्फोसिस कन्सल्टंट्स प्रायव्हेट लिमिटेड’ १९९२ मध्ये ‘इन्फोसिस टेक्नॉलॉजीज’ झाली आणि २०११ मध्ये नुसती ‘इन्फोसिस लिमिटेड’.